कष्टाच्या कोरड्या हातांसाठी घरगुती वनौषधी मलम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बागकाम, सुतारकाम, गवंडीकाम, कुंभारकाम, रुग्णसेवा, धुणीभांडी अशा कामांत ज्यांचे हात दिवसभर माती, साबण, पाणी आणि अवजारे यांच्या संपर्कात असतात, त्यांच्यासाठी घरी मलम कसे करावे, याविषयी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची ही उत्तरे आहेत. मलम करणे अवघड नाही. ते चांगले का होते आणि कशाने बिघडते हे कळले, म्हणजे पाककृतीवर डोळे झाकून विसंबावे लागत नाही, म्हणून कृतीइतकीच कारणेही येथे दिली आहेत.

मलम आणि क्रीम यांत फरक काय?

मलम म्हणजे तेल आणि मेण यांचे मिश्रण. त्यात पाण्याचा एक थेंबही नसतो. क्रीम आणि लोशन यांत तेल व पाणी एकजीव केलेले असते आणि जेथे पाणी आहे तेथे जीवाणू व बुरशी वाढू शकतात, म्हणून अशा पदार्थांत परिरक्षक घालावेच लागते. घरगुती क्रीम चार दिवसांत बिघडते ते याच कारणाने, आणि बिघाड डोळ्यांना दिसण्याआधीच त्यात जंतूंची वाढ झालेली असू शकते. मलमात पाणी नसल्यामुळे परिरक्षकाची गरज पडत नाही. साध्या स्वयंपाकघरात, साध्या भांड्यांत निर्धोकपणे करता येण्याजोगा हा पदार्थ आहे तो एवढ्यामुळेच. पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात ‘पाणी जाऊ देऊ नका’ ही सूचना या ना त्या रूपाने येईल, तिचे मूळ येथे आहे.

तळहात शरीराच्या इतर भागांपेक्षा जास्त का कोरडे पडतात?

तळहातांवर घर्मग्रंथी भरपूर असतात. तैलग्रंथी मात्र मुळीच नसतात. चेहऱ्याला किंवा डोक्याच्या त्वचेला जे नैसर्गिक तेल आतून मिळते, ते तळहाताला कधीच मिळत नाही. त्याच्या उलट हाताच्या पाठीवरची कातडी पातळ असते आणि तिला ऊन, वारा व गार हवा यांचा मारा सतत सोसावा लागतो.

त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा समजावा. चपट्या, मृत पेशी या विटा आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ हा गिलावा. साबण मळाबरोबर हा गिलावाही थोडा थोडा काढून नेतो. शिवाय त्वचेचा सामू (pH) साधारण ५ च्या आसपास, म्हणजे सौम्य आम्लधर्मी असतो, तर पारंपरिक साबणाचा ९ ते १० असतो. ओल्या सिमेंटचा सामू १२ च्या वर जातो, त्यामुळे गवंडीकाम करणाऱ्यांचे हात नुसते कोरडे पडत नाहीत, तर अक्षरशः भाजल्यासारखे होऊ शकतात. पाण्यात वारंवार बुडवलेले हातसुद्धा कोरडे पडतात, हे अनेकांना विचित्र वाटते. परंतु पाण्याने वरचा थर फुगतो, ओलावा धरून ठेवणारे त्यातील विद्राव्य घटक धुऊन जातात आणि हात वाळताना त्वचा आधीपेक्षाही रुक्ष होते. तळहाताचा थर जाड असल्यामुळे कोरडा पडला की त्याची लवचिकता जाते. मग बोटे दुमडताना तो सांध्यांवर आणि अंगठ्याच्या कडेला चिरतो. त्यालाच आपण भेग म्हणतो.

मलम त्वचेला ओलावा देते का?

नाही, आणि या प्रश्नाचे उत्तर नीट समजले तर मलमाचा उपयोग दुपटीने होतो. ज्यात पाणीच नाही ते पाणी देणार कोठून? मलम दोन कामे करते. त्यातील तेल पेशींमधल्या फटी भरून त्वचा मऊ करते आणि मेण वर एक पातळ आवरण तयार करून आतला ओलावा उडून जाण्याचा वेग कमी करते. म्हणजे मलम लावताना त्वचेत जेवढा ओलावा असेल, तेवढाच टिकतो. रखरखीत, वाळलेल्या हातावर मलम चोळले तर हात फक्त तेलकट होतो आणि तासाभराने पुन्हा ओढल्यासारखा वाटतो.

म्हणून हात कोमट पाण्याने धुवावेत, फडक्याने टिपावेत, पण पूर्ण कोरडे करू नयेत, आणि त्वचा किंचित दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत मलम लावावे. माझा अनुभव असा की, ‘तुमच्या मलमाचा काही उपयोग झाला नाही’ असे सांगणाऱ्या बहुतेकांनी ते चुकीच्या वेळी लावलेले असते. कोणती वनस्पती घालावी, यावर लोक फार विचार करतात. केव्हा लावावे, यावर त्यांनी तितकाच विचार करावा, असे मला मनापासून वाटते.

मग वनौषधी घालण्याचा उपयोग तरी काय?

खरे सांगायचे तर मलमाचे निम्म्याहून अधिक काम तेल आणि मेणच करतात. वनस्पतींतील तेलात विरघळणारे रंगद्रव्य, सुगंधी द्रव्ये व राळेसारखे घटक तेलात उतरतात आणि त्यांतील काहींचा दाह शमवण्यास उपयोग होतो. कॅलेंड्युला या झेंडूसारख्या दिसणाऱ्या वनस्पतीच्या फुलांचा या कामासाठी दीर्घकाळ वापर झालेला आहे. मात्र औषधी तेलाने जुनाट त्वचाविकार बरा होईल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. चिडलेली, खाजणारी त्वचा शांत वाटणे आणि लावताना मन प्रसन्न होणे, एवढे तर नक्कीच मिळते. त्या प्रसन्नतेमुळे माणूस मलम रोज न विसरता लावतो, आणि हा लाभ मी लहान मानत नाही.

कोणत्या वनस्पती निवडाव्यात?

पहिल्या मलमासाठी एकच वनस्पती घ्यावी. पाच-सहा एकत्र केल्या आणि त्वचेवर पुरळ उठले, तर दोष कोणाचा हे शोधता येत नाही. माझी पहिली पसंती कॅलेंड्युलाला आहे. त्यापाठोपाठ कॅमोमाईलची फुले, लॅव्हेंडर आणि रोझमेरी ही वनस्पतीही सहज वापरता येतात. कडुनिंबाची पाने चालतात, परंतु त्यांचा वास उग्र असतो आणि तो मेणानेही झाकला जात नाही. हळद तेलात सुरेख उतरते. तिचा पिवळा डाग मात्र हातमोजे, उशीचे अभ्रे आणि अवजारांच्या लाकडी मुठी या सर्वांवर पडतो, म्हणून रोजच्या मलमात ती मी घालत नाही.

कॅलेंड्युला आणि कॅमोमाईल या दोन्ही वनस्पती सूर्यफुलाच्या कुळातील आहेत. शेवंती, गाजरगवत किंवा त्या कुळातील अन्य वनस्पतींची ज्यांना अॅलर्जी आहे, त्यांनी या दोन्ही टाळाव्यात. कॉम्फ्रे ही वनस्पती अनेक परदेशी पाककृतींत दिसते; तिच्यात यकृताला अपायकारक असे पायरोलिझिडिन गटातील अल्कलॉइड असतात, म्हणून ती फुटलेल्या त्वचेवर लावू नये. भेगाळलेल्या हातांसाठीच हे मलम असल्यामुळे, माझ्या मते तिला येथे जागाच नाही.

कॅलेंड्युला म्हणजे आपला झेंडूच ना?

नव्हे. हा घोटाळा फार सर्रास होतो. दोन्हींची फुले केशरी-पिवळी असतात, दोन्हींना इंग्रजीत ‘मॅरिगोल्ड’ म्हणतात आणि दोन्ही एकाच कुळातील आहेत, पण त्यांची प्रजाती वेगळी आहे. कॅलेंड्युलाचे शास्त्रीय नाव कॅलेंड्युला ऑफिसिनॅलिस, तर झेंडू टॅगेटिस प्रजातीत मोडतो. ओळखण्याची सोपी खूण पानांत आहे. कॅलेंड्युलाची पाने लांबट, अखंड आणि किंचित लवदार असतात. झेंडूची पाने पिसासारखी विभागलेली, कडांना दातेरी असतात आणि चुरगळल्यावर त्यांना तीव्र वास येतो. झेंडूमधील काही घटकांमुळे उन्हात त्वचेची आग होऊ शकते, त्यामुळे कॅलेंड्युलाऐवजी झेंडू घालून चालवून घेऊ नये. वाळलेली फुले विकत घेताना पुडीवर शास्त्रीय नाव लिहिलेले आहे की नाही, हे अवश्य पाहावे.

ताजी फुले किंवा पाने वापरली तर अधिक गुणकारी होणार नाही का?

ताज्या वनस्पतीत बहुतांश पाणीच असते. ती तेलात बुडवली की पाणी बाहेर येऊन तळाशी साचते, तेलाच्या पृष्ठभागावर आलेल्या पानांवर बुरशी धरते आणि सारे तेल आंबूस वासाचे होते. मी अगदी सुरुवातीला अर्धवट सुकलेली फुले घातली होती. तिसऱ्या आठवड्यात बरणीच्या कडेला करडी लव दिसली आणि सगळे तेल टाकून द्यावे लागले. वरची बुरशी काढून खालचे तेल वापरण्याचा मोह त्या वेळी होतो, पण तो टाळलाच पाहिजे.

फुले सावलीत, हवेशीर जागी, एकावर एक न येतील अशी पसरून वाळवावीत. पाकळ्या लवकर वाळतात. फुलाचा मधला हिरवा, जाड भाग मात्र कितीतरी दिवस दमट राहतो, आणि फसगत तेथेच होते. तो भाग बोटांत दाबल्यावर मऊ न लागता कडकन मोडला पाहिजे. शंका असल्यास वाळलेली फुले बंद काचेच्या बरणीत दोन दिवस ठेवून पाहावीत. काचेवर आतून दव दिसले, तर ती अजून वाळायची आहेत.

कोरफडीचा गर घालता येईल का?

घालू नये. कोरफडीच्या गरात जवळजवळ सगळे पाणीच असते. ते तेलात मिसळत नाही, थेंबांच्या रूपाने मलमात अडकून राहते आणि तेथूनच मलम सडू लागते. मध, गुलाबपाणी आणि ग्लिसरीन यांनाही हेच लागू आहे, कारण यांपैकी काहीही तेलात विरघळत नाही. कोरफड आवडत असल्यास ताजा गर आधी हातांना लावावा आणि तो ओलसर असतानाच वरून मलम लावावे. दोन्हींचा फायदा मिळतो आणि डबीही सुरक्षित राहते.

तेल कोणते घ्यावे?

टिकाऊपणा, स्पर्श आणि त्वचेवरील परिणाम या तीन गोष्टी पाहून तेल निवडावे. तिळाच्या तेलात नैसर्गिक प्रतिऑक्सिडीकारक घटक असल्यामुळे ते सहसा लवकर खवट होत नाही. मात्र तीळ भाजून काढलेल्या तेलाचा वास हातांना नकोसा होतो, म्हणून न भाजलेल्या तिळाचे घ्यावे. खोबरेल तेल आणखी टिकाऊ असते. ते साधारण २४-२५ अंश सेल्सियसला वितळते, त्यामुळे हवामान बदलले की मलमाचा घट्टपणाही बदलतो. सूर्यफूल तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असते आणि ते त्वचेच्या गिलाव्याला पूरक ठरते, परंतु हे तेल लवकर खवट होते. बदाम तेल स्पर्शाला हलके असते. ज्यांना बदाम-अक्रोड यांसारख्या कवचफळांची अॅलर्जी आहे, त्यांनी ते टाळावे. शेंगदाणा तेलाबाबतही शेंगदाण्याची अॅलर्जी असणाऱ्यांनी अशीच काळजी घ्यावी.

ऑलिव्ह तेल सर्वाधिक सुचवले जाते, कारण ते टिकते आणि त्यात वनस्पतीचा अर्क चांगला उतरतो. परंतु त्यात ओलेइक आम्लाचे प्रमाण जास्त असते आणि असे तेल त्वचेच्या वरच्या थरातील स्निग्ध रचना काहीशी सैल करते, असे अभ्यासांत दिसून आले आहे. निरोगी, निबर हातांना त्याची फारशी अडचण येऊ नये. एक्झिमा (इसब) असलेल्या हातांसाठी मात्र मी दुसरे तेल घेईन. एरंडेल तेल दाट आणि चिकट असते. एकूण तेलाच्या दहाव्या भागाइतके ते घातले, तर मलम हातांवर अधिक वेळ टिकते. जवसाचे तेल येथे वापरू नये. ते हवेत वाळून घट्ट होणारे तेल आहे आणि त्यात भिजलेली फडकी चुरगळून एका जागी टाकली, तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात.

वनस्पती तेलात कशी मुरवावी?

दोन पद्धती आहेत. घाई नसेल तर २० ग्रॅम वाळलेल्या कॅलेंड्युलाच्या पाकळ्या कोरड्या काचेच्या बरणीत घालून त्यांवर सुमारे २०० ग्रॅम तेल ओतावे. पाकळ्या पूर्ण बुडाल्या पाहिजेत. तेल कमी पडल्यास आणखी घालावे. बरणी कोमट, पण उन्हापासून दूर अशा जागी चार ते सहा आठवडे ठेवावी आणि एक-दोन दिवसांआड हलवावी. बरणी उन्हात ठेवण्याची सूचना बऱ्याच ठिकाणी आढळते. उबेने अर्क लवकर उतरतो हे खरे, परंतु प्रकाशाने तेलाचे ऑक्सिडीकरणही वेगाने होते. ऊन द्यायचेच असेल तर बरणीभोवती जाड कागद गुंडाळावा.

दुसरी पद्धत उष्णतेची. हेच मिश्रण उष्णता सहन करणाऱ्या भांड्यात घेऊन ते भांडे गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवावे आणि दोन ते चार तास मंद आचेवर, ५० ते ६० अंशांच्या दरम्यान राहू द्यावे. पाणी खळखळून उकळता कामा नये आणि वाफेचे थेंब तेलात पडू नयेत, म्हणून भांड्यावर बंद झाकण न ठेवता पातळ फडके टाकावे. पाकळ्या तपकिरी होऊन तळल्यासारखा वास आला, तर उष्णता जास्त झाली असे समजावे.

दोन्ही पद्धतींत तेल शेवटी मलमलच्या स्वच्छ, कोरड्या कापडातून गाळावे. चोथा पिळताना शेवटचे गढूळ तेल वेगळ्या वाटीत घ्यावे, कारण ओलावा राहिलेला असल्यास तो त्यातच असतो. गाळलेले तेल रात्रभर स्थिर ठेवून, तळाचा गाळ न ढवळता वरचे तेवढे ओतून घ्यावे.

तेल आणि मेण यांचे प्रमाण किती असावे?

वजनाने पाच भाग तेलाला एक भाग मधमाश्यांचे मेण, हे सुरुवातीसाठी भरवशाचे प्रमाण आहे. वर सांगितलेल्या २०० ग्रॅम तेलापैकी काही पाकळ्यांतच राहते. गाळल्यावर १५० ग्रॅम हाती आले, तर ३० ग्रॅम मेण घालून १८० ग्रॅम मलम होते आणि त्यात ६० ग्रॅमच्या तीन डब्या भरतात. हवा उष्ण असेल किंवा डबी खिशात बाळगायची असेल, तर चारास एक हे प्रमाण ठेवावे. गार हवेत सहास एक पुरते. मोजण्यासाठी चमचे किंवा वाट्या न वापरता वजनकाटाच घ्यावा. किसलेले मेण, मेणाचे दाणे आणि मेणाची वडी एकाच वाटीत निरनिराळ्या वजनाची बसतात, आणि ‘मागच्या वेळी छान झाले, या वेळी दगडासारखे झाले’ ही तक्रार बहुधा त्यातूनच उद्भवते.

प्रत्यक्ष मलम कसे करावे?

डब्या, चमचे आणि भांडी आधी धुऊन पूर्ण वाळवून ठेवावीत. मेण उष्णता सहन करणाऱ्या भांड्यात घेऊन गरम पाण्याच्या पातेल्यावर वितळवावे. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, त्यामुळे पाणी उकळत ठेवण्याची गरज नसते. मेण वितळल्यावर त्यात तेल घालावे. गार तेलामुळे मेणाच्या गुठळ्या होतील, पण त्याने घाबरून जाऊ नये. थोडी ऊब मिळताच त्या विरघळतात. मिश्रण नितळ झाले की भांडे खाली उतरवावे.

डब्यांत ओतण्याआधी एक परीक्षा जरूर करावी. एक स्टीलचा चमचा आधीच बर्फाच्या कप्प्यात ठेवावा, त्यावर चार थेंब मिश्रण घ्यावे आणि ते गोठल्यावर बोटाने दाबून पाहावे. फार घट्ट वाटल्यास थोडे तेल, फार सैल वाटल्यास दोन-तीन ग्रॅम मेण घालून पुन्हा ऊब द्यावी. या मिनिटभराच्या परीक्षेने सगळा घाणा वाचतो. डब्या भरल्यावर त्या पूर्ण गार होईपर्यंत झाकणे लावू नयेत, कारण कोमट हवेतील वाफ झाकणाच्या आतून थेंब बनून मलमावर पडते.

मेण थेट ज्योतीवर कधीही वितळवू नये आणि त्याच्यापासून दूर जाऊ नये. तापलेल्या मेणाने किंवा तेलाने पेट घेतलाच, तर त्यावर पाणी मुळीच ओतू नये. आच बंद करून भांड्यावर घट्ट झाकण ठेवावे.

मलम दाणेदार झाले. ते बिघडले का?

बिघडलेले नाही. मलमात शिया बटर किंवा कोको बटर असेल आणि ते सावकाश गार झाले असेल, तर त्यातील जास्त तापमानाला गोठणारे घटक आधी वेगळे होऊन त्यांचे कण बनतात. डबीतील मलम पुन्हा पूर्ण वितळवून थंड कप्प्यात झटपट गार करावे, म्हणजे कण मोठे होत नाहीत.

मधमाश्यांचे मेण वापरायचे नसेल तर?

कॅन्डेलिला हे वनस्पतिजन्य मेण चालते. ते अधिक कठीण असल्यामुळे सांगितलेल्या मेणाच्या साधारण निम्मेच घ्यावे. कार्नौबा त्याहूनही कठीण असते, ८० अंशांच्या वर वितळते आणि मलमाला ठिसूळपणा आणते, त्यामुळे एकटे वापरण्यास ते मला पसंत नाही. ज्यांना प्रोपोलिसची (मधमाश्या पोळ्यात वापरतात त्या राळेसारख्या चिकट पदार्थाची) अॅलर्जी आहे, त्यांनाही मधमाश्यांच्या मेणाऐवजी वनस्पतिजन्य मेणाचाच पर्याय सुरक्षित आहे.

सुगंधी तेल घालावे का?

न घातले तरी मलमात काही उणे राहत नाही. फुटलेल्या, चिडलेल्या त्वचेसाठी करत असाल तर घालूच नये. घालायचे असल्यास एकूण वजनाच्या १ टक्क्याहून अधिक नसावे, म्हणजे १८० ग्रॅम मलमाला जास्तीत जास्त १.८ ग्रॅम. थेंब मोजण्यापेक्षा वजन करावे, कारण प्रत्येक बाटलीचा थेंब वेगळ्या आकाराचा असतो. भांडे खाली उतरवल्यावर, मिश्रण कडेने किंचित धूसर दिसू लागताच ते घालावे. सालींपासून दाबून काढलेले लिंबाचे आणि बर्गमॉटचे तेल लावून उन्हात गेल्यास त्वचेवर भाजल्यासारखे डाग उठू शकतात, त्यामुळे उघड्यावर काम करणाऱ्यांनी ती तेले टाळावीत. जुने, हवा लागलेले टी ट्री तेल ताज्यापेक्षा अधिक अॅलर्जी उत्पन्न करते. लहान मुलांच्या हातांना लावायच्या मलमात कापूर, पुदिन्याचा अर्क आणि निलगिरी यांपैकी काहीही असू नये.

व्हिटॅमिन ई घातल्याने मलम टिकते का?

अंशतः टिकते. व्हिटॅमिन ई तेल खवट होण्याची क्रिया लांबवते, जंतूंना मात्र रोखत नाही; म्हणजे ते परिरक्षक नव्हे. अर्धा ते एक टक्का पुरेसे असते. खवट होऊ लागलेले तेल त्यामुळे ताजे होत नाही, म्हणून तेल विकत घेतानाच ताजे घ्यावे.

तेलाच्या प्रकारानुसार मलम सहा महिने ते वर्षभर चांगले राहते. ते अंधाऱ्या, थंड जागी ठेवावे आणि कोरड्या बोटाने किंवा लहान चमच्याने घ्यावे. जुन्या तेलाचा किंवा रंगखडूंसारखा वास येऊ लागला, तर ते त्वचेवर लावू नये.

किती आणि केव्हा लावावे?

दोन्ही हातांना मिळून साधारण अर्धा ग्रॅम, म्हणजे मोठ्या वाटाण्याएवढे मलम बहुधा पुरते. रोज तीनदा लावल्यास ६० ग्रॅमची डबी सुमारे ४० दिवस जाते. बोटांच्या सांध्यांवर आणि नखांच्या मुळांशी ते जिरवून चोळावे, कारण भेगा तेथूनच सुरू होतात. रात्रीचे लावणे सर्वांत फलदायी असते. जाडसर थर देऊन वर सुती हातमोजे घालावेत. मात्र तेल शोषलेले कापड लवकर पेटते आणि झपाट्याने जळते, म्हणून असे हातमोजे घालून शेगडी, मेणबत्ती किंवा विडी-सिगारेट यांच्या जवळ जाऊ नये.

काम करताना मलम लावले तर चालते का?

कामावर अवलंबून आहे. मातीत काम करण्याआधी पातळ थर लावल्यास माती चिरांत कमी बसते आणि हात धुणे सोपे जाते. परंतु पटाशी, करवत, कोयता किंवा फिरते यंत्र हाती घेण्यापूर्वी लावू नये. मूठ निसटण्याचा धोका खरा असतो. रंगकाम करणाऱ्यांनी आणि लाकडाला पॉलिश देणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे, कारण मेणाचा ठसा उमटलेल्या जागी रंग नीट धरत नाही. नैसर्गिक रबराचे हातमोजे तेलाने कमकुवत होतात व फाटतात, त्यामुळे मलम लावल्यावर नायट्राइलचे, म्हणजे तेलाला टिकणाऱ्या कृत्रिम रबराचे, हातमोजे वापरावेत. मलम हे हातमोज्यांची जागा घेऊ शकत नाही. सिमेंट, ब्लीच आणि सॉल्व्हंट यांच्यापासून ते संरक्षण देत नाही.

पहिल्यांदा लावण्यापूर्वी चाचणी कशी घ्यावी?

कोपराच्या आतील बाजूस नाण्याएवढ्या जागी दिवसातून दोनदा, सलग आठवडाभर लावून पाहावे. एका दिवसाची चाचणी अपुरी पडते, कारण स्पर्शजन्य अॅलर्जीची प्रतिक्रिया उमटायला कित्येकदा दोन-तीन दिवस किंवा अधिकही लागतात. खाज, लाली किंवा पुरळ दिसल्यास मलम वापरू नये.

रक्त येणाऱ्या भेगांवर लावता येते का?

उघड्या जखमेवर घरगुती मलम भरू नये, कारण ते निर्जंतुक नसते. भेग स्वच्छ धुऊन झाकावी, आजूबाजूच्या त्वचेला मलम लावावे आणि वरची कातडी जुळली की मग भेगेवरही लावावे. कडांची जाड, निबर कातडी ब्लेडने कापण्याची सवय अनेकांना असते. त्याने भेग खोल जाते. त्याऐवजी हात कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवून ती हलक्या हाताने घासावी. घट्टे फारच जाड असतील तर युरिया असलेले क्रीम मलमापेक्षा अधिक काम करते, आणि ते वापरण्यात कमीपणा मानू नये.

पेट्रोलियम जेली स्वस्त आणि तयार मिळते. मग एवढा खटाटोप का?

ओलावा अडवण्याच्या कामात पेट्रोलियम जेली मेणाच्या मलमापेक्षा सरस आहे, हे मान्य केले पाहिजे. तिने अॅलर्जीही क्वचितच होते. अतिशय संवेदनशील त्वचेसाठी मी स्वतः तीच सुचवते. घरगुती मलमाचा गुण असा की, त्यातील तेल त्वचेच्या थरात शिरून ती मऊ करते, हात कमी चिकट राहतात आणि आपल्या कामाला व हवेला अनुरूप असा घट्टपणा आपल्याला ठरवता येतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

दोन-तीन आठवडे नियमाने मलम लावूनही फरक पडला नाही. भेगेतून पू येऊ लागला. लाली पसरत चालली. किंवा बोटांच्या कडांना पाण्याने भरलेले, खूप खाजणारे बारीक फोड आले, तर थांबू नये. मधुमेह असणाऱ्यांनी हातांच्या जखमांबाबत आधीच सल्ला घ्यावा.

एक लक्षण विशेष सांगावेसे वाटते. कोरडेपणा आणि भुशासारखी सालपटे फक्त एकाच तळहातावर असतील आणि दोन्ही पायांच्या तळव्यांनाही तसेच होत असेल, तर तो बहुधा बुरशीचा संसर्ग असतो. कष्टाने होणारा कोरडेपणा सहसा दोन्ही हातांवर दिसतो. बुरशीवर हे मलम चोळत राहिल्याने योग्य उपचार लांबणीवर पडतात, म्हणून अशा वेळी डबी बाजूला ठेवावी. कामापासून आठवडाभर दूर राहिल्यावर हात बरे होतात आणि परतताच पुन्हा बिघडतात, असा अनुभव असेल तर सिमेंटमधील क्रोमेट, रबर किंवा निकेल अशा एखाद्या पदार्थाची अॅलर्जी असू शकते; ती त्वचारोगतज्ज्ञांच्या पॅच चाचणीतूनच निश्चित कळते.

मेणकट भांडी कशी स्वच्छ करावीत?

भांडे गरम असतानाच जुन्या कागदाने आतून नीट पुसून घ्यावे आणि मगच साबणाने धुवावे. उरलेले मिश्रण मोरीत ओतू नये. ते नळीत गोठते आणि मोरी तुंबते.

दुसऱ्यांना द्यायचे असल्यास डबीवर काय लिहावे?

प्रत्येक घटकाचे नाव, वनस्पतीचे शास्त्रीय नाव, मलम केल्याची तारीख आणि ‘केवळ बाहेरून लावण्यासाठी’ ही सूचना, एवढे तरी असावे. घटक लिहिताना ‘वनस्पती तेल’ असे मोघम लिहू नये. तीळ, बदाम की शेंगदाणा ते स्पष्ट लिहावे, कारण घेणाऱ्याच्या घरात कोणाला त्याची अॅलर्जी आहे हे आपल्याला ठाऊक नसते. जागा उरली तर मी आणखी एक ओळ लिहिते : ‘हात धुतल्यावर, दमट असतानाच लावावे.’